आजोबा अजून हलले नाहीत

डॉक्टरांनी पेशंटच्या दाढेवर कॅप बसवली, ती बोटाने दाबून धरली आणि मान न हलवता डोळे तेवढे खिडकीकडे फिरवले. खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. ती रोजच दिसायची; पण आज तिचा जेवढा राग आला तेवढा याआधी कधी आला नव्हता. टाकीच्या मागे, दोन रस्ते ओलांडून, विमानतळाचं कुंपण होतं. कुंपणाच्या आत, धावपट्टीच्या पलीकडे, आजोबा उभे होते. आणि आजोबा आज जाणार होते. कुठल्याही क्षणी.

खुर्चीतला पेशंट थोराड अंगाचा आणि गरीब स्वभावाचा माणूस होता. दवाखाना उघडायच्या आधीच तो दारात गाल धरून उभा होता. रात्री बिस्किट खाताना त्याच्या दाढेवरची कॅप निघाली होती आणि ती त्याने रुमालात बांधून आणली होती. खुर्चीत टेकता टेकता त्याने सांगायला सुरुवात केली होती, "डॉक्टर, एक आधीच सांगतो, मला जरा घाई आहे. माझं काय आहे, की माझं—"

"आ करा," डॉक्टर म्हणाले होते.

समोरच्याचं बोलणं कुठे तोडायचं हे दातांच्या डॉक्टरांच्या हातात असतं. आपले डॉक्टर हे सुख सढळ हाताने भोगत. आज तर त्यांना पेशंटपेक्षा जास्त घाई होती.

"हा कापसाचा बोळा दातांत घट्ट धरा," डॉक्टर म्हणाले. "तोंड उघडायचं नाही, बोलायचं नाही. सिमेंट सुकेपर्यंत दाब सुटला तर कॅप निघेल आणि सगळं पहिल्यापासून करावं लागेल. मी आलोच."

"म्म्?" पेशंटने भुवया वर केल्या.

"आलोच म्हटलं ना!" असं म्हणून डॉक्टरांनी हत्यारांचं कपाट उघडलं आणि खालच्या कप्प्यातून, निर्जंतुक चिमट्यांच्या मागून, हातभर लांब भिंगाचा कॅमेरा काढला. पेशंटने डोळे गच्च मिटून घेतले. असलं हत्यार त्याने कुठल्याच दवाखान्यात पाहिलं नव्हतं.

आता हे आजोबा डॉक्टरांच्या कुणी नात्यातले नव्हेत. ते एक विमान होतं. चार इंजिनांचं, अवाढव्य, मालवाहू, आणि इतकं जुनं की त्या जातीची आता हाताच्या बोटांवर मोजण्याएवढीच उरली होती. त्याचं नाक दारासारखं वर उचललं जाई आणि सगळा माल समोरून पोटात जाई. थोडक्यात, हे विमान आ करत असे. डॉक्टरांना विमानांचं वेड लहानपणापासून होतं, पण आ करणाऱ्या विमानावर त्यांचा जीवच जडला होता. याआधी दोनदा ते या गावी येऊन गेलं होतं. एकदा डॉक्टर मेहुणीच्या लग्नात पंगतीला वाढत होते आणि एकदा सबंध सकाळ धुकं होतं. आता कुठलंसं भलंमोठं यंत्र न्यायला ते काल संध्याकाळी येऊन उतरलं होतं, आणि यानंतर इकडे येण्याची शक्यता जवळपास नव्हतीच.

डॉक्टरांनी दवाखान्याची जागासुद्धा विमानं डोक्यावरून जातात म्हणूनच घेतली होती. बायकोला मात्र त्यांनी सांगितलं होतं, की या भागातल्या लोकांचे दात फार खराब आहेत. तिला खरं काय ते महिन्याभरात कळलं. "एवढं काय असतं हो त्यात बघायला?" ती विचारी. "त्यापेक्षा पक्षी बघा. ते निदान अंडी तरी घालतात." पण गावात डॉक्टरांसारखीच आणखी काही माणसं होती, आणि त्या सगळ्यांचा फोनवर 'घिरट्या' नावाचा एक ग्रुप होता. कालपासून ग्रुपवर दुसरा विषय नव्हता. आजोबा आले, आजोबांना पाहिलं, आजोबा थकलेत, आजोबा सकाळी जाणार. तो फोन डॉक्टर घाईत हत्यारांच्या ट्रेमध्ये विसरले आणि मागच्या दाराने जिन्यावर पळाले.

दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशी राहत आणि त्याच्यावर गच्ची होती. गच्चीच्या दाराचं कुलूप आपोआप बसणारं होतं. आतून ते नुसतं ढकललं की उघडे. बाहेरून किल्ली लागे आणि ती वॉचमनकडे असे. दार मिटू नये म्हणून तिथे रंगाचा एक रिकामा डबा कायम ठेवलेला असे. आज नेमका तो कुणीतरी उचलून नेला होता. डॉक्टरांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, उजव्या पायातली सपात काढून फटीत कोंबली आणि ते कठड्याकडे धावले.

भिंगातून आजोबा दिसले. तसे ते पूर्ण दिसत नव्हतेच. एका गोदामाच्या छपरावरून शेपूट, पाठीचं कुबड आणि नाकाचा शेंडा एवढंच दिसत होतं. चाकांकडचा भाग दोन इमारतींमधल्या फटीतून. पण एकदा का ते धावपट्टीवरून सुटले, की उठून सरळ या गच्चीच्या समोरून जाणार होते. नाक मिटलेलं होतं. म्हणजे तयारी झाली होती. डॉक्टरांनी कॅमेरा रोखला, श्वास रोखला आणि वाट बघू लागले.

आजोबा हलले नाहीत.

ऊन चढत होतं. डॉक्टरांचा अनवाणी पाय भाजायला लागला, तसा त्यांनी तो दुसऱ्या पायाच्या सपातेवर ठेवला. मग तोल जायला लागला, तसा पुन्हा खाली ठेवला. भिंगातून चाकांपाशी पिवळ्या जाकिटातली माणसं दिसत होती. तीही काही स्वस्थ नव्हती. एक जण इकडून तिकडे फेऱ्या मारत होता, एक कमरेवर हात ठेवून रस्त्याकडे बघत होता, एकाने उगाचच चाकाला लाथ मारली. एकाने खिशातून फोन काढून कानाला लावला.

त्याच क्षणी खालून, दवाखान्याच्या उघड्या खिडकीतून, कोंबडा आरवला.

कुणाच्या तरी फोनची रिंग होती ती. कोंबडा आरवला, पुन्हा आरवला, आरवतच राहिला. तिकडे पिवळ्या जाकिटवाल्याने वैतागून फोन कानापासून काढला. इकडे कोंबडा गप्प झाला. जाकिटवाल्याने पुन्हा फोन लावला. कोंबडा पुन्हा आरवला.

"अरे, उचला की रे तो फोन कुणीतरी!" डॉक्टर करवादले. "लक्ष लागू देत नाहीत एकेक जण!"

त्यांना आता त्या पिवळ्या जाकिटवाल्यांची दया यायला लागली होती. उघड दिसत होतं, की यांचा कुणीतरी एक माणूस यायचा राहिलाय आणि त्याच्यावाचून सगळं अडलंय. केवढं विमान, केवढा खर्च, केवढी माणसं, आणि हा कुठेतरी पाय पसरून बसला असेल. काही माणसांना वेळेची किंमतच नसते.

या विचारासरशी डॉक्टरांना आपला पेशंट आठवला. सिमेंट एव्हाना सुकून दगड झालं असणार. एक मिनिट खाली जावं, बोळा काढावा, त्याला वाटेला लावावं आणि परत यावं, असं ठरवून ते वळले. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला. फटीतली सपात लाजल्यासारखी बाजूला सरकली आणि दार धाडकन मिटलं.

डॉक्टरांनी दार ढकललं, ओढलं, खांद्याने धडक दिली. मग ते दवाखान्याच्या खिडकीच्या बरोब्बर वर कठड्यावरून वाकले आणि ओरडले, "ताई! अहो ताई!"

ताई म्हणजे दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसणाऱ्या बाई. त्यांना हाक ऐकू आली. पण ती आतल्या खोलीच्या खिडकीतून आल्यामुळे डॉक्टर आतूनच हाक मारताहेत असं त्यांना वाटलं. काम चालू असताना आत यायचं नाही, असा डॉक्टरांचा कडक नियम होता. म्हणून त्यांनी बंद दारावर टकटक केली. "काय हो डॉक्टर?"

आतून उत्तर आलं, "म्म्म्!"

"बरं, बरं, चालू द्या," असं म्हणून ताई पुन्हा जागेवर जाऊन बसल्या. डॉक्टर दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा नेमकं एक विमान डोक्यावरून गेलं. तिसऱ्यांदाही गेलं. आयुष्यात पहिल्यांदाच डॉक्टरांना वाटलं, की या भागात विमानं जरा जास्तच आहेत.

आता त्यांच्या जिवाची नुसती उलघाल चालली होती. दारापाशी गेलं की वाटे, तिकडे आजोबा सुटले तर? कठड्यापाशी आलं की वाटे, खाली त्या माणसाला काही झालं तर? अशा त्यांनी तापल्या गच्चीवर एका पायाने लंगडत इतक्या फेऱ्या मारल्या, की पिवळ्या जाकिटवाल्यांपैकी कुणी दुर्बिणीतून पाहिलं असतं तर त्यालाही त्यांची दया आली असती.

शेवटी दाराचा आवाज झाला. मावशी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन वाळत घालायला आल्या होत्या. त्यांनी दार उघडलं आणि पाहिलं, तर हिरवी टोपी घातलेला, तोंडाला फडकं बांधलेला, रबरी हातमोजे चढवलेला एक माणूस हातात काळं नळकांडं घेऊन उड्या मारत त्यांच्याच अंगावर येत होता.

"थांबा! दार लावू नका!" तो माणूस ओरडला.

मावशींनी बादली त्याच्या दिशेने फेकली आणि दार लावून घेतलं.

पुढे खाली काय झालं ते डॉक्टरांना मागाहून कळलं. मावशी धापा टाकत दवाखान्यात शिरल्या आणि म्हणाल्या, "गच्चीवर चोर शिरलाय! डॉक्टरच्या वेशात!" ताई खमक्या होत्या. त्या उठून आतल्या दारापाशी गेल्या.

"डॉक्टर, गच्चीवर तुमच्यासारखे कपडे घालून चोर आलाय म्हणे. वॉचमनला पाठवू का?"

"म्म्! म्म्म्!" आतून आलं.

"हो म्हणतायत," ताई मावशींना म्हणाल्या.

तोवर डॉक्टर एका ओल्या टॉवेलवर पाय ठेवून उभे होते. सबंध सकाळीत तेवढंच एक सुख त्यांना मिळालं. मग दार पुन्हा उघडलं. पुढे काठी घेतलेला वॉचमन, त्याच्यामागे कात्री घेतलेल्या मावशी आणि जिन्यात मान उंचावून ताई.

"हात वर!" वॉचमन म्हणाला.

डॉक्टरांनी कॅमेऱ्यासकट हात वर केले. "अरे, मी डॉक्टर आहे!"

"डॉक्टर खाली आहेत," ताई जिन्यातून ठासून म्हणाल्या. "मी आत्ताच बोलले त्यांच्याशी."

डॉक्टरांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"अगंबाई," ताई म्हणाल्या. "मग आत कोण म्म्म् म्हणतंय?"

डॉक्टर उत्तर द्यायला थांबले नाहीत. मात्र जिन्याकडे पळता पळता त्यांनी एकदा मागे वळून बघितलं. शेपूट होतं तिथेच होतं. आजोबा अजून हलले नव्हते.

पेशंट खुर्चीत ताठ बसला होता. हात मांडीवर, मान खाली, चेहऱ्यावर विलक्षण गंभीर भाव. चिडलेला माणूस कसा दिसतो हे डॉक्टरांना पुष्कळ ठाऊक होतं; हा तसा दिसत नव्हता. डॉक्टरांनी घाईघाईने बोळा काढला, कॅप हलवून बघितली. हातोड्याने निघाली नसती इतकी पक्की बसली होती.

पेशंटने जबडा इकडेतिकडे फिरवून पाहिला. मग अगदी हलक्या आवाजात त्याने विचारलं, "गेले का?"

"कोण?"

"आजोबा."

डॉक्टरांना आनंदाचं भरतंच आलं. "तुम्हाला ठाऊक आहेत आजोबा?"

"तुमच्या फोनवर वाचलं. माफ करा, वाचायचं नव्हतं, पण तो सारखा उजळत होता." पेशंटने ट्रेकडे बोट दाखवलं. "'आजोबा आज नक्की जाणार' असं आलं. मग आलं, 'डॉक्टर, तुम्ही जवळ आहात, शेवटचं डोळे भरून बघून घ्या.' म्हणून मी गप्प बसून राहिलो. म्हटलं, अशा वेळी माणसाला त्रास देऊ नये. माझं काय, थांबतील दोन मिनिटं."

"नाही हो, गेले नाहीत अजून," डॉक्टर हातमोजे काढत म्हणाले. "सगळी तयारी झालीय. तोंड मिटून झालं. मंडळी सगळी खाली घड्याळाकडे बघत उभी आहेत. पण कुणीतरी एक यायचा राहिलाय, त्याच्यासाठी खोळंबलंय. ऐन वेळेला कुठे जाऊन बसलाय गाढव, कोण जाणे!"

पेशंटला हे जरा चमत्कारिक वाटलेलं दिसलं. "मंडळी घड्याळाकडे बघतायत?"

"मग काय करतील बिचारी? कंटाळली आहेत. एकाने तर लाथ मारली."

"आजोबांना?"

"चाकाला."

"चाकाला," पेशंट सावकाश म्हणाला.

आणि त्याच्या पँटच्या खिशात कोंबडा आरवला.

डॉक्टरांचा हातमोजा अर्धा निघाला होता, तो तिथेच राहिला. पेशंटने फोन काढून कानाला लावला. इतका वेळ तोंड मिटलेलं असल्यामुळे त्याला तो घेता आला नव्हता. "हो… बसली कॅप. हो, आता बोलता येतंय… अरे, दवाखान्यातच आहे. निघालोच… एक सांग, तुम्ही सगळे चाकापाशी उभे आहात का?… आणि चाकाला लाथ कुणी मारली?"

पलीकडचं उत्तर ऐकून त्याने फोन बंद केला आणि डॉक्टरांकडे टक लावून पाहिलं.

"डॉक्टर," तो म्हणाला, "तो गाढव मी."

डॉक्टर खाली बसले. पेशंटने थोडक्यात सांगितलं. त्या विमानात माल कुठे ठेवायचा, कसा बांधायचा, तोल कसा राखायचा, हे बघणं त्याचं काम होतं. सगळे साखळदंड त्याने स्वतः एकदा शेवटचे हलवून बघितल्याशिवाय वैमानिक इंजिनाला हात लावत नसे. हॉटेलवाल्याने जवळचा दवाखाना म्हणून इथला पत्ता दिला होता. "मी आल्या आल्या सांगत होतो तुम्हाला, माझं विमान आहे. तुम्ही आ करायला लावलंत."

ज्या विमानासाठी डॉक्टरांनी आयुष्यभर मान वर केली, त्याच्या पोटात राहणारा माणूस सकाळपासून त्यांच्या खुर्चीत होता. त्याला विचारण्याजोगे हजार प्रश्न होते. आणि त्यांनी काय विचारलं, तर दुखतंय का? तेही उत्तराची वाट न बघता.

"चला," ते ताडकन उठून म्हणाले. "मी सोडतो तुम्हाला."

"डॉक्टर, बाहेर लोक बसलेत!" ताई ओरडल्या.

"त्यांना सांगा, तातडीची केस आहे!" डॉक्टर म्हणाले आणि पायात एकच सपात असलेले, अंगात दवाखान्याचा कोट असलेले, गळ्यात कॅमेरा अडकवलेले असे गाडीत जाऊन बसले.

विमानतळाच्या मालवाहू फाटकाचा रस्ता तसा जवळचाच. पण घाई असली की जवळचे रस्तेही लांबतात. पहिला सिग्नल लाल, दुसराही लाल, तिसऱ्यापाशी एक ट्रक आडवा. दर वळणावर कोंबडा आरवत होता आणि पेशंट म्हणत होता, "आलोच, आलोच." डॉक्टरांनी इतक्या वेळात विचारायचे राहिलेले सगळे प्रश्न एकदम काढले.

"पोटात उभं राहता येतं का हो? सुटताना आवाज कसा येतो? नाक उचलतात तेव्हा हादरा बसतो का? बोला ना, फक्त डाव्या दाढेवर जोर देऊ नका."

"डॉक्टर, तुम्ही पुढे बघा! वर काय बघताय?"

"काही नाही, एक छोटं गेलं."

"दुभाजक! दुभाजक आला!"

गाडी दुभाजकाला घासून गेली. पेशंटने दोन्ही हातांनी पुढची पट्टी धरली. ज्या माणसाने महिनोन्महिने समुद्रांवरून, वादळांतून प्रवास केला होता, त्याने फाटक आल्यावर गाडीतून उतरताना देवाचं नाव घेतलं.

फाटकापाशी त्याच्यासाठी जीप उभीच होती. जीपमधल्याने आधी त्याच्याकडे, मग डॉक्टरांकडे खाऊ की गिळू नजरेने पाहिलं. पण पेशंट गरीब स्वभावाचा होता हे आधी सांगितलंच आहे. जीपमध्ये चढता चढता तो थांबला आणि म्हणाला, "या डॉक्टर, आलाच आहात तर. जवळून दाखवतो. साखळ्या बघून होईपर्यंत पोटात उभं राहून घ्या."

डॉक्टरांचे डोळे भरून आले. ते दोन पावलं पुढे गेले आणि त्यांच्या छातीवर एक आडवा हात आला. तो फाटकावरच्या गार्डचा होता.

"यांना पास नाही."

"माझ्याबरोबर आहेत," पेशंट म्हणाला.

"असू देत. पास साहेब देतात, साहेब फेरीवर आहेत. येतीलच. आत बसा. कॅमेरा, फोन टेबलावर. खिसे रिकामे करा."

जीपवाल्याने आता वाट बघायचं नाकारलं. "मी सांगतो आत, पाठवा म्हणून!" असं पेशंट ओरडत असतानाच जीप निघूनही गेली.

गार्डची खोली म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि दोन खिडक्या. एका खिडकीतून फाटक दिसायचं, दुसरीतून अख्खी धावपट्टी. डॉक्टरांनी कोटाचे खिसे टेबलावर उलटे केले. हातमोज्यांचा नवा जोड निघाला, कागदी पाकिटात बंद असलेला दात बघायचा छोटा गोल आरसा निघाला आणि एक बाकदार टोकाची सळई.

"हे काय?" गार्डने सळईकडे संशयाने बघितलं. "टोक आहे याला."

"दात तपासायची आहे. मी दातांचा डॉक्टर."

गार्डचा चेहराच पालटला. त्याने दाराबाहेर एकदा डोकावून बघितलं, आत आला, खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणला. "मग डॉक्टर, रागावणार नसाल तर एक बघता का? इथे मागे काहीतरी रुतलंय. चार दिवस झाले, झोप नाही. साहेब येईपर्यंत. नाहीतरी बसायचंच आहे."

डॉक्टर नाही म्हणणार होते. खरोखर म्हणणार होते. पण गार्डने तोंड उघडलं आणि हिरडीच्या कडेला टरटरून सूज दिसली. डॉक्टर तसे मनाने वाईट नव्हते. त्यांनी हातमोजे चढवले, पाकीट फोडलं.

"जरा तिकडे तोंड करून बसा, खिडकीतून उजेड येऊ दे," ते म्हणाले.

गार्ड धावपट्टीकडे तोंड करून बसला. म्हणजे डॉक्टरांची पाठ धावपट्टीकडे आली. ही गोष्ट डॉक्टरांच्या लक्षात आली तेव्हा उशीर झाला होता. आरसा गालाच्या आत होता, सळईचं टोक हिरडीत घुसलेल्या बारीकशा काडीखाली गेलं होतं, आणि काडी हलायला लागली होती.

तेव्हाच पहिलं इंजिन सुरू झालं. मग दुसरं. काचा थरथरल्या, टेबलावरचा पाण्याचा पेला सरकायला लागला. चारही इंजिनं सुरू झाली तेव्हा तो आवाज कानांनी ऐकायचा राहिलाच नाही, तो बरगड्यांतून यायला लागला.

"आँ!" गार्डचे डोळे विस्फारले. तो डॉक्टरांच्या खांद्यावरून मागे बघत होता. "आँ! आँ!"

"हलू नका!" डॉक्टर कळवळून म्हणाले. "टोक आत आहे!"

आता त्यांनी मान वळवली असती तर हात वळला असता, आणि हात वळला असता तर हिरडी फाटली असती. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते त्यांच्या पाठीमागे धावत निघालं होतं, आणि ते एका परक्या माणसाच्या दाढेत बघत होते. गार्डने उत्तेजित होऊन त्यांचं मनगट घट्ट पकडलं, त्यामुळे आता सळई काढणंही शक्य नव्हतं.

पण दुसरा हात मोकळा होता. डॉक्टरांनी तो छोटा आरसा गालातून अलगद बाहेर काढला, कोटाच्या बाहीला पुसला आणि गार्डच्या नाकासमोर थोडा वर, थोडा उजवीकडे कलता केला. गोल काचेत आधी खिडकीची चौकट आली, मग आभाळ, मग धावपट्टीची करडी रेघ. आणि त्या रेघेवरून, दोन्ही बाजूंना दोन-दोन ठिपके घेऊन, आजोबा निघाले. इवलेसे, उलट्या बाजूने, पण नाक वर करून. रेघ संपत आली तरी उठेनात. डॉक्टरांनी श्वास रोखला. मग ते उठले. एवढं वजन पोटात घेऊन ते असे सावकाश, असे बेफिकीर उठले, की जणू सकाळपासून कुणीच कुणासाठी खोळंबलं नव्हतं. आरशाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत गेले आणि काचेतून बाहेर पडले.

डॉक्टरांनी काडी काढली.

"बापरे!" गार्ड गाल चोळत म्हणाला. "इतकी वर्षं इथे बसतो, पण असलं विमान नाही बघितलं! पुढची चाकं सुटली तेव्हा पाहायला हवं होतं तुम्ही… अरेरे, तुमची पाठ होती, नाही का?"

दारात पावलं वाजली. साहेब फेरीवरून आले होते. त्यांच्या हातात डॉक्टरांसाठी गळ्यात अडकवायचा पास होता.

"आतून निरोप आला होता," साहेब म्हणाले. "बोला, कुठलं विमान बघायचंय तुम्हाला?"

संध्याकाळी डॉक्टर घरी आले तेव्हा बायकोने दार उघडलं. तिने आधी त्यांच्या पायांकडे पाहिलं, मग गाडीच्या ओरखड्याकडे. ताईंचा फोन तिला दुपारीच येऊन गेला होता, आणि मावशींचाही. बोलायचं पुष्कळ तिने तयार करून ठेवलं होतं. पण नवऱ्याचा चेहरा बघून तिने ते तूर्त बाजूला ठेवलं आणि पाण्याचा पेला पुढे केला.

"दिसले का हो मग?"

"दिसले."

"फोटो?"

"नाही काढता आला."

"बरं, केवढे होते ते तरी सांगा. सकाळपासून ऐकतेय, मोठे, मोठे."

डॉक्टरांनी पाण्याचा घोट घेतला. मग अंगठा आणि तर्जनी एकमेकांजवळ आणून, मध्ये तांदळाचा दाणा मावेल एवढी जागा ठेवून, त्यांनी हात तिच्या डोळ्यांसमोर धरला.

"एवढे," ते म्हणाले. "पण काय ऐट होती, सांगतो तुला!"